चार बहिणी आणि एक ली : नागा लोकगायन जपणारे तेत्सेओ कुटुंब

पायवाट (धागाकर्ती)

नोकरीनिमित्त मी तीन वर्षे दीमापूरला राहत होते. त्या काळातल्या एका डिसेंबरात कोहिमापासून बारा किलोमीटरवर असलेल्या किसामा येथे हॉर्नबिल महोत्सव पाहायला गेले आणि तिथे तेत्सेओ भगिनींचे गाणे पहिल्यांदा प्रत्यक्ष ऐकले. ईशान्येच्या संगीताचा विषय निघाला की आपल्याकडे बहुधा तिथल्या रॉक बँडचा किंवा चर्चमधल्या गायनवृंदांचा उल्लेख होतो. त्या डोंगरांतल्या जुन्या गाण्याबद्दल मराठीत फारसे वाचायला मिळत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

मुत्सेवेलू, अझिने, कुवेलू आणि अलुने अशी या चौघींची नावे आहेत. श्रोत्यांमध्ये त्या मर्सी, अझी, कुकू आणि लुलू या घरगुती नावांनीच अधिक ओळखल्या जातात. म्हासेवे हा त्यांचा भाऊही अधूनमधून त्यांच्याबरोबर गातो. त्यांचे मूळ गाव नागालँडच्या फेक जिल्ह्यातले थुवोपिसू. वाढल्या मात्र राजधानी कोहिमात. आईवडिलांनी घरीच त्यांना गावाकडची गाणी शिकवली. १९९४ पासून त्या लोकांसमोर गात आहेत, म्हणजे सुरुवात केली तेव्हा त्या शाळकरी मुली होत्या. हॉर्नबिल महोत्सव २००० साली सुरू झाला तेव्हापासून तिथल्या मंचाशी त्यांचे नाते आहे आणि २०११ साली 'ली : चॅप्टर वन, द बिगिनिंग' हा त्यांचा पहिला अल्बम निघाला.

त्या ज्या समाजातल्या आहेत त्याचे नाव चाखेसांग. हे नाव फार जुने नाही. पूर्वी या लोकांना पूर्वेकडचे अंगामी म्हणत असत. १९४६ साली चोक्री, खेझा आणि सांगतम या तीन समूहांच्या नावांतली अक्षरे जोडून त्यांनी स्वतःसाठी हे नाव घेतले. तेत्सेओ भगिनी चोक्री भाषेत गातात. २०११ च्या जनगणनेत ही भाषा मातृभाषा म्हणून सांगणारे लोक सुमारे ९१ हजार होते. आपल्याकडच्या बहुतेक तालुक्यांची वस्ती याहून जास्त असते. राज्याची राजभाषा इंग्रजी, बाजारात आणि बसमध्ये वेगवेगळ्या जमातींचे लोक एकमेकांशी बोलतात ती नागामीज, शाळेत पुन्हा इंग्रजी, आणि यांतून वेळ उरला तर घरात चोक्री, अशी कोहिमात वाढणाऱ्या मुलांची स्थिती असते. अशा शहरात राहून चार मुलींनी आजीच्या पिढीची गाणी अचूक उच्चारांसह तोंडपाठ करणे किती अवघड असेल, हे परराज्यात मुलांना मराठी शिकवणाऱ्या आईबापांना लगेच कळेल.

चोक्रीत लोकगीताला 'ली' म्हणतात. भातखाचरांत काम करताना म्हणायच्या ली वेगळ्या, सणाच्या वेगळ्या, प्रेमाच्या आणि विरहाच्या वेगळ्या, मैत्रीच्या वेगळ्या, पूर्वजांच्या हकिकती सांगणाऱ्या वेगळ्या. या गाण्यांचा जो विशेष मला त्या दिवशी किसामाच्या थंडीत जाणवला, तो सांगण्यासाठीच खरे तर मी लिहायला बसले आहे. चौघीजणी एकच चाल एकदम म्हणत नव्हत्या. एकीचा आवाज वर जाऊन थांबे, दुसरीचा खाली लांबवर पसरलेला असे, तिसरी मध्येच कुठून तरी येऊन त्या दोघींच्या मधल्या जागेत उभी राही आणि ओळ संपताना सगळ्या आवाजांची मिळून एक दीर्घ आस मागे राहत असे. कोणती चाल मुख्य आणि कोणती साथीची, हे मला ठरवता येईना. पुढे तिथल्या एका वयस्कर सहकाऱ्यांना मी विचारले, तर ते म्हणाले की तुम्ही प्रश्नच चुकीचा विचारत आहात, कारण एकेकट्या आवाजाला आम्ही गाणे म्हणतच नाही.

त्यांचे हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. जे गाणे मुळातच अनेकांच्या आवाजांनी बनते, ते एका माणसाने पाठ करून जपता येत नाही. एखादी आजी सगळे शब्द आणि स्वतःच्या वाट्याची चाल लक्षात ठेवील, परंतु तिच्या मैत्रिणी गेल्या की तिच्याजवळ गाण्याचा एक तुकडाच शिल्लक राहतो. म्हणून मला वाटते की हे गाणे टिकायचे तर ते एका गळ्यापेक्षा एका गटात टिकले पाहिजे. आणि जुने गट मोडल्यावर आजच्या काळात आपोआप एकत्र राहणारा, रोज एकमेकांना ऐकणारा सर्वांत लहान गट म्हणजे एका घरातली भावंडे. तेत्सेओ भगिनींच्या यशाचे श्रेय त्यांच्या आवाजांना जितके आहे, तितकेच त्या चार बहिणी आहेत या साध्या गोष्टीलाही आहे.

आपण कोणी त्यांना किंवा इतर नागा गायकांना ऐकले असेल तर जरूर लिहावे.

मंद्रसप्तक

उत्तम विषय निवडलात. मी गेली बारा वर्षे ख्याल शिकत आहे, त्यामुळे आपण वर्णन केलेला अनुभव माझ्या कानांना मुद्दाम तपासून पाहावासा वाटला आणि काल रात्री त्यांची चार-पाच ध्वनिमुद्रणे लागोपाठ ऐकली.

आपल्याकडे दोघांनी एकत्र गायचे म्हटले की 'सुरात सूर मिळवणे' हा आदर्श असतो. जुगलबंदीतही दोन आवाज बहुतेक वेळ आळीपाळीने येतात आणि एकत्र आले तर एकाच स्वरावर येतात. इथे मात्र दोन आवाज मुद्दाम निराळ्या स्वरांवर उभे राहतात आणि तिथेच स्थिरावतात. पहिल्यांदा ऐकताना माझे मन सारखे एका आवाजाला 'बरोबर' आणि दुसऱ्याला 'सोबतीचा' ठरवू पाहत होते. तिसऱ्या वेळी ते थांबले आणि मग ऐकताना फार आनंद झाला. दुसरी गोष्ट लक्षात आली ती श्वासाची. ओळीच्या शेवटी एकीचा दम सुटतो तोवर दुसरी तो स्वर उचलून धरते, त्यामुळे गाण्यात कुठे फट पडत नाही. चौघींनी एकमेकींचे श्वास इतके ओळखलेले असणे तालमीने साधेल का, याबद्दल मला शंका आहे. त्याला एका घरात झोपण्या-उठण्याची वर्षे लागत असावीत.

माझा एक प्रश्न आहे. शेतातले गाणे असे बहुस्वरी का झाले असावे? कामाच्या लयीसाठी एकसुरी घोष पुरेसा असतो. आपल्याकडे मोट हाकताना किंवा होडी वल्हवताना तेवढ्याने काम भागते.

पायवाट

@मंद्रसप्तक, आपला प्रश्न मला फार आवडला. 'का'चे नेमके उत्तर देण्याइतका माझा अभ्यास नाही, परंतु मी जे पाहिले ते सांगते.

अंगामी आणि चाखेसांग हे नागांमधले पायऱ्यांची शेती करणारे समाज म्हणून ओळखले जातात. नागालँडच्या इतर अनेक भागांत जंगल जाळून केलेली फिरती शेती असते. इथे मात्र डोंगराचा अख्खा उतार कापून, बांध घालून, वरच्या ओहोळाचे पाणी एका खाचरातून दुसऱ्या खाचरात उतरवत नेलेली भातशेती दिसते. हे काम एका घराच्या माणसांना पेलणारे नसते. म्हणून समवयस्क तरुण-तरुणींचे गट पाळीपाळीने एकमेकांच्या शेतांवर जातात. आज तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. कोकणात भातलावणीला शेजारीपाजारी एकमेकांकडे जातात, तसाच हा प्रकार आहे.

आता अशा उतारावर लोक उभे कसे असतात ते डोळ्यांसमोर आणा. काही जण वरच्या पायरीवर, काही दोन पायऱ्या खाली, काही बाजूच्या खाचरात. चिखल तुडवताना किंवा कुदळीने माती फोडताना हात आणि पाय बांधलेले असतात, आवाज मोकळा असतो. वरून एक ओळ येते, खालून तिला दुसरी मिळते, आणि दरी ते दोन्ही आवाज परत पाठवते. माझ्या त्या वयस्कर सहकाऱ्यांनी सांगितले होते की त्यांच्या तरुणपणी दिवसाच्या पहिल्या प्रहरी गाणे जरा धिमे असे, ऊन चढल्यावर दमसास टिकवण्यासाठी हुंकारांचे तुकडे वाढत, आणि परतीच्या वाटेवर पुन्हा निराळी गाणी येत. शब्द थोडे आणि स्वर लांब, असा हा मामला आहे. कागदावर उतरवले तर चार ओळी भरतात. म्हणायला मात्र बराच वेळ लागतो.

सांजवात

धागा वाचून मला माझ्या आईची आणि मावशीची आठवण झाली. दोघी बहिणी लहानपणी पहाटे जात्यावर समोरासमोर बसत. खुंटा एकच, हात दोघींचे. एकीने ओवीचा पहिला चरण म्हणायचा आणि दुसरीने तो उचलून पुरा करायचा, अशी त्यांची सवय होती. मावशी वारल्यानंतर मी एकदा आईला फोनवर ध्वनिमुद्रणासाठी ओव्या म्हणायला सांगितल्या, तर ती पहिला चरण म्हणून थांबली. पुढचे तिला येत नव्हते असे नाही. पुढचा चरण मावशीचा होता आणि तो स्वतः म्हणायला तिची जीभ वळेना. आपण लिहिलेले 'गाण्याचा एक तुकडाच शिल्लक राहतो' हे वाक्य वाचून मी बराच वेळ पुढे वाचू शकले नाही.

आपल्याकडे ओव्या नोंदवून ठेवण्याचे मोठे काम झालेले आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी पुण्यात राहून, गावोगावच्या कार्यकर्त्यांच्या मदतीने एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि आज त्या संगणकावर कोणालाही वाचता-ऐकता येतात. मला या कामाबद्दल अतिशय आदर आहे. तरीही गावात पिठाची गिरणी आली आणि पहाटेचे ते गाणे थांबले, हे त्या संग्रहामुळे बदलले नाही. काम गेले की त्याच्याबरोबर गाणेही जाते. मग तेत्सेओ भगिनी कोहिमा शहरात राहून, शेतात न उतरता, शेताची गाणी कशी जिवंत ठेवतात, हे मला अधिक जाणून घ्यायचे आहे. ते नुसते पाठांतर आहे की त्या गाण्याला त्यांनी काही नवे काम दिले आहे?

अक्षरवेळ

मी थोडी वेगळी बाजू मांडतो. कोणाच्या भावना दुखावण्याचा हेतू नाही.

हॉर्नबिल महोत्सव राज्य सरकार भरवते, तो १ डिसेंबरला म्हणजे नागालँडच्या स्थापनादिनी सुरू होतो आणि दहा दिवस चालतो. त्यात प्रत्येक जमातीला मैदानावर ठरावीक मिनिटे मिळतात. जे गाणे दिवसभराच्या कामात हळूहळू उलगडत असे, ते तिथे पर्यटकांसमोर काही मिनिटांत आटोपावे लागते. पेहराव एकसारखा, दागिने चकचकीत, समोर कॅमेऱ्यांची रांग. लोकगीताचे असे प्रदर्शन झाले की त्याचा गाभा निघून जातो आणि देखावा तेवढा उरतो, असे माझे मत आहे. आपल्याकडे लावणीचे दूरचित्रवाणीवर काय झाले ते आपण पाहिलेच आहे. तेत्सेओ भगिनींच्या काही ध्वनिमुद्रणांत गिटार आणि आधुनिक वाद्यमेळ आहे, हेही मी ऐकले. गिटारचे पडदे ठरलेल्या अंतरांवर बसवलेले असतात. लीमधले आवाज त्या अंतरांवर बसत नसतील तर गिटार त्यांना हळूहळू आपल्याकडे ओढून घेईल. मग आपण 'जतन' कशाला म्हणतो आहोत, याचा विचार व्हावा.

पायवाट

@सांजवात, आपल्या आईंबद्दल वाचून गलबलून आले. @अक्षरवेळ, आपला आक्षेप गंभीर आहे आणि त्याचे उत्तर देण्यासाठी मला थोडे मागे जावे लागेल.

ज्या ठिकाणी ही गाणी शिकली जात, ते ठिकाण मंचापूर्वीच नाहीसे झाले होते. नागा गावांत मोरुंग असे. इंग्रजी लेखनातून रूढ झालेला हा शब्द आहे, प्रत्येक भाषेत त्याला वेगळे नाव आहे. गावातली अविवाहित मुले रात्री तिथे एकत्र राहत. मुलींचीही अशी घरे असत, एखाद्या वडीलधाऱ्या बाईच्या छायेखाली. लाकूड कोरणे, टोपल्या विणणे, पूर्वजांच्या वंशावळी, वागण्याचे नियम आणि गाणी हे सारे तिथे शिकायला मिळे. संध्याकाळी मुलांचा गट मुलींच्या घरी जाई आणि दोन्ही बाजूंनी आळीपाळीने गाणी होत. ज्या लीचे आपण कौतुक करतो आहोत तिची तालीम अशी रात्र-रात्र चालत असे.

१८७२ साली एडविन विंटर क्लार्क हे अमेरिकन बाप्टिस्ट मिशनरी आओ नागांच्या डोंगरांत पोहोचले आणि पुढच्या काही दशकांत मिशनचे काम कोहिमा व आसपासच्या भागातही पसरले. मिशनने शाळा काढल्या, बोलींना रोमन लिपी दिली, नरमुंड आणण्याची प्रथा संपवायला हातभार लावला. हे सारे मान्य केले पाहिजे. परंतु तांदळाची बिअर, जुने सण, मोरुंग आणि त्यांना जोडलेली गाणी ही सगळी एकाच गाठोड्यात बांधून त्यांनी ती धर्मांतरितांसाठी वर्ज्य ठरवली. ज्याने बाप्तिस्मा घेतला त्याने जुनी ली म्हणायची नाही, अशी कित्येक गावांत समजूत रूढ झाली. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यातले सुमारे ८८ टक्के लोक ख्रिस्ती आहेत, यावरून त्या समजुतीचा पल्ला लक्षात यावा. त्यानंतर १९४४ ची कोहिमाची लढाई, १९५० च्या दशकापासूनचा सशस्त्र संघर्ष, जाळलेली आणि हलवलेली गावे, लष्कराला विशेषाधिकार देणारा १९५८ चा कायदा. रात्री घराबाहेर एकत्र जमणेच जिथे धोक्याचे झाले, तिथे गाण्याची तालीम कशी चालणार? १९९७ साली शस्त्रसंधी झाली. तेत्सेओ भगिनींनी त्याच्या तीन वर्षे आधी गायला सुरुवात केली होती.

म्हणजे त्यांच्या पिढीला शेत, मोरुंग आणि मंच यांतून निवड करायचीच नव्हती. शेतातले गट विरळ झाले होते, मोरुंग उरले नव्हते, आणि मंच नुकताच उभा राहत होता. त्यांच्या घराने मोरुंगचे काम केले. आई, वडील, पाच भावंडे आणि स्वयंपाकघरातली चूल. एवढ्या साधनांवर त्यांनी गट पुन्हा उभारला. दहा मिनिटांच्या मंचासाठी का होईना, घरात त्यामागे दहा वर्षांचे गाणे झाले, आणि जतन मी त्या दहा वर्षांना म्हणते. मंच हा त्याचा हिशेब लोकांपुढे ठेवण्याची जागा झाला. @सांजवात यांच्या प्रश्नाचेही उत्तर मला यातच दिसते. गाण्याला नवे काम मिळाले, ते म्हणजे दूर पांगलेल्या चोक्री मुलांना आपल्या भाषेचा उच्चार परत देण्याचे. बंगळुरूत किंवा दिल्लीत राहणारी नागा मुले त्यांच्या चित्रफितींखाली आपल्या आजीबद्दल लिहितात.

आणखी एक गोष्ट सांगितली नाही तर अन्याय होईल. ज्या चर्चने जुनी ली बाजूला सारली, त्याच चर्चने घरोघरी चार आवाजांत स्तोत्रे म्हणण्याची सवय लावली. तिथल्या कितीतरी गावांत लोक अक्षरी स्वरलिपी वाचून आपापला आवाज सांभाळतात. निरनिराळे आवाज एकत्र धरून ठेवण्याची तयारी त्यामुळे जिवंत राहिली. स्तोत्रांतले आवाज लीच्या आवाजांसारखे चालत नाहीत, हे खरे. तरी दुसऱ्याच्या स्वराला बिलगून न जाता स्वतःच्या स्वरावर ठाम राहण्याची शिस्त दोन्हीकडे सारखीच लागते. आज चर्चचीही भूमिका पुष्कळ मवाळ झाली आहे आणि रविवारी वृंदात गाणारी मुलगी शनिवारी ली म्हणते, याचे कोणाला आश्चर्य वाटत नाही.

डोंगरझाडी

ईशान्येकडच्या विद्यार्थ्यांनी मुंबई-पुण्यातल्या घरांत काही दिवस पाहुणे म्हणून राहावे, असा एक उपक्रम १९६६ पासून चालत आला आहे. माझ्या लहानपणी आमच्या दादरच्या घरी असाच एक नागा मुलगा आठवडाभर राहिला होता. तो फेक जिल्ह्यातलाच होता. माझ्या आजीला हिंदी येत नव्हते आणि त्याला मराठी, पण ती स्वयंपाक करताना अभंग गुणगुणू लागली की तो ओट्याजवळ येऊन उभा राही. शेवटच्या रात्री आजीने खुणेनेच त्याला गायला सांगितले. तो दोन ओळी गायला आणि मग हसून म्हणाला की हे असे एकट्याने बरे वाटत नाही, माझा भाऊ असता तर ऐकवले असते. त्या वेळी आम्हाला ती लाजण्याची सबब वाटली होती. आज हा धागा वाचताना त्याच्या बोलण्याचा अर्थ कळला.

त्यानेच सांगितलेली एक गोष्ट इथे लिहावीशी वाटते, कारण ती भावंडांची आहे. मणिपूरच्या सीमेजवळ खेझाकेनो नावाचे गाव आहे आणि तिथे एक शिळा आहे. तिच्यावर सकाळी भात वाळत घातले की संध्याकाळी ते दुप्पट होत असे. एका वृद्ध जोडप्याचे तीन मुलगे पाळीपाळीने तिच्यावर भात घालत. एके दिवशी पाळीवरून त्यांच्यात भांडण जुंपले. मुले एकमेकांचा जीव घेतील या भीतीने आईवडिलांनी शिळेवर लाकडे रचून आग लावली; मोठा आवाज होऊन शिळा तडकली आणि तिच्यातले देवत्व निघून गेले. तिघे भाऊ तीन दिशांना गेले आणि त्यांच्यापासून अंगामी, ल्होथा, सुमी अशा जमाती झाल्या. ती शिळा आजही दाखवतात.

भाषेबद्दल एक मुद्दा जोडतो. चोक्री ही स्वराघातांची भाषा आहे, म्हणजे तीच अक्षरे चढ्या किंवा उतरत्या सुरात म्हटली की शब्दाचा अर्थ बदलतो. त्यामुळे रोमन किंवा देवनागरीत लिहून घेतलेल्या शब्दांवरून ली शिकणे धोक्याचे आहे. अक्षरे बरोबर येतील आणि बोलणे भलतेच होईल. हे गाणे तोंडातून कानात जायला हवे, आणि त्यासाठी रोज घरात ती भाषा बोलणारे कोणी तरी लागते. कुटुंबाचे महत्त्व या अंगानेही आहे.

अक्षरवेळ

@पायवाट, आपले विवेचन पटले, निदान बरेचसे. मोरुंग आणि मिशन यांचा इतिहास मी हिशेबात घेतला नव्हता. मंचाने गाणे बिघडवले असे म्हणताना, मंच आला तेव्हा गाण्याला दुसरे घर उरले होते का, हे विचारायला हवे होते.

गिटारचा माझा मुद्दा मात्र मी सोडत नाही. त्यावर उपाय काय असू शकतो, याचे एक उदाहरण नागा समाजातच आहे. मणिपूरच्या उख्रूल भागातले तांगखुल नागा गायक गुरू रेवबेन माशांग्वा, ज्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, यांनी पाश्चात्त्य वाद्यांबरोबर वाजवता यावीत म्हणून तिंगतेला हे तंतुवाद्य आणि यांकाहुई ही लांब बासरी यांच्या घडणीतच अनेक वर्षे खपून बदल केले. त्यांच्याबरोबर त्यांचा मुलगा लहानपणापासून मंचावर असतो. जुन्या वाद्याला नव्या स्वरव्यवस्थेशी बोलता येईल असे करणे आणि जुन्या गळ्याला नव्या वाद्याच्या मापात बसवणे यांत मोठे अंतर आहे. पहिल्या मार्गात कारागिरी आहे आणि वेळही फार जातो. तेत्सेओ भगिनींची वाद्याविना म्हटलेली ली आणि वाद्यमेळासह म्हटलेली ली अशी दोन्ही ध्वनिमुद्रणे उपलब्ध आहेत, ती शेजारी-शेजारी ठेवून ऐकावीत, अशी सर्वांना विनंती आहे. मला तरी पहिलीच पुन्हा पुन्हा ऐकावीशी वाटते.

मंद्रसप्तक

वाद्यांचा विषय निघालाच आहे तर तातीबद्दल लिहितो. तेत्सेओ भगिनींच्या हातात एक साधे वाद्य दिसते, एका तारेचे. त्याला ताती म्हणतात, हेका लिबू असेही एक नाव आहे. वाळवलेला भोपळा, त्यात बसवलेली दांडी आणि वर एकच तार. पाहताक्षणी आपली एकतारी आठवावी असे त्याचे रूप आहे.

माझा तंबोरा मिरजेचा आहे. त्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढा भागातल्या मळ्यातून येतो आणि कारागीर तो महिनोन्महिने वाळवून मग हातात घेतात. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा आम्हा विद्यार्थ्यांना फार आनंद झाला होता. परंतु तंबोरा आणि ताती यांच्या कामात मोठा फरक मला जाणवला. आमचा तंबोरा गायकाला एकच एक षड्ज धरून देतो आणि गायक त्याच्यावर विसावतो. लीमध्ये तो आधार एखाद्या बहिणीचा खालचा लांब स्वरच देतो. म्हणून ताती थांबली तरी गाणे डगमगत नाही. @अक्षरवेळ यांनी सुचवल्याप्रमाणे दोन्ही प्रकारची ध्वनिमुद्रणे शेजारी ठेवून ऐकली. वाद्यमेळ आला की तो खालचा आवाज मागे सरतो, कारण त्याचे काम दुसऱ्या कोणीतरी घेतलेले असते. इथे मी अक्षरवेळ यांच्याशी सहमत आहे.

पायवाट

@मंद्रसप्तक, खालच्या आवाजाबद्दल आपण जे लिहिले ते मला इतक्या नेमकेपणाने कधी सांगता आले नसते. नव्याने ऐकणाऱ्यांना मी आता हेच सांगेन की आधी वरचा आवाज सोडून द्या आणि खालच्या आवाजाबरोबर चाला.

@डोंगरझाडी, आपल्या पाहुण्याचा तो भाऊ पुढे कधी भेटला का?

डोंगरझाडी

नाही. तो मुलगा आता कोहिमात शिक्षक आहे, एवढे ठाऊक आहे. नवीन वर्षाला शुभेच्छा येतात. यंदा मीच त्याला विचारणार आहे की दोघे मिळून म्हटलेली ली ध्वनिमुद्रित करून पाठवाल का.

सांजवात

या धाग्यावर मी दुसऱ्यांदा लिहीत आहे. रविवारी आईला तेत्सेओ भगिनींची वाद्याविना म्हटलेली एक ली ऐकवली. भाषा अर्थातच कळत नव्हती. ती डोळे मिटून ऐकत होती आणि मध्येच म्हणाली, "ही खालची मोठी बहीण असणार." मी विचारले कशावरून, तर म्हणाली, "ती थांबून राहते बघ, बाकीच्या परत येईपर्यंत."

मग तिने स्वतःच ती अर्धी राहिलेली ओवी म्हणायला घेतली. पहिला चरण झाला, आणि दुसरा तिने मला म्हणायला लावला. माझा सूर लागत नव्हता. तिने तीनदा थांबवून पुन्हा म्हणायला सांगितले. आता रोज संध्याकाळी एक ओवी, असे तिने ठरवून टाकले आहे आणि माझ्या धाकट्या बहिणीलाही नाशिकहून बोलावले आहे.